पुळणीतल्या सुरूला नत्र किती हवे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ले तालुक्यात किनाऱ्यामागची पाच एकर पुळणीची, म्हणजे वाळूची, जमीन, आजवर पडीक. तिथे सुरूची झाडे लावून चार-पाच वर्षांनी वासे आणि बल्ल्या विकायच्या आहेत. माती तपासून घेतली तर पत्रिकेवर सामू (पीएच) ७.९, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.२२ टक्के, उपलब्ध नत्र (नायट्रोजन) हेक्टरी १२१ किलो आणि त्यापुढे शेरा ‘अत्यंत कमी’. खतांच्या दुकानदाराने जूनमध्ये एकरी तीन गोण्या युरिया टाकायला सांगितले आहे. विचारणाऱ्याला हवे आहे ते असे : अशा जमिनीत नत्राची निरोगी पातळी कोणती, आणि तिथवर पोचायचे कसे?

आधी दुकानदाराचा हिशेब बघू. युरियाची गोणी आता ४५ किलोची. तीन गोण्या म्हणजे १३५ किलो, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे एकरी सुमारे ६२ किलो आणि हेक्टरी दीडशेच्या वर. पाच एकरांना पंधरा गोण्या. माझ्या हिशेबाने तुम्हाला पहिल्या वर्षी सगळ्या पाच एकरांना मिळून अडीच गोण्या पुरतात, आणि त्याही जूनमध्ये नाहीत. हा फरक कुठून येतो ते समजले की ‘पातळी’चा प्रश्न निम्मा सुटतो.

पत्रिकेवरचा १२१ हा आकडा कसा येतो? प्रयोगशाळेत मातीत अल्कलीयुक्त परमँगनेट घालून उकळतात, सुटलेला अमोनिया मोजतात. सेंद्रिय पदार्थातला जो भाग या रसायनाने सहज फुटतो त्याचे नत्र त्यात येते. मग दर दशलक्ष भागांतल्या आकड्याला २.२४ ने गुणून हेक्टरी किलो काढतात. हा २.२४ येतो वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीच्या वजनावरून : हेक्टरी सुमारे २,२४० टन. आपल्याकडे या आकड्याच्या सहा पायऱ्या केल्या आहेत. १४० च्या खाली अत्यंत कमी, २८० पर्यंत कमी, ४२० पर्यंत मध्यम, आणि पुढे वर. देशभर जुना ठोकताळा २८० आणि ५६० चा : २८० च्या खाली कमी, ५६० च्या वर जास्त. या पायऱ्या शेतातल्या हंगामी पिकांसाठी आहेत; भाताला, गव्हाला खत किती द्यायचे हे ठरवायला. पुळणीवरच्या झाडाला त्या लावणे म्हणजे पायलीच्या मापाने दूध मोजण्यासारखे आहे. माप खोटे नाही, पण वस्तू वेगळी आहे.

आता तुमच्याच पत्रिकेतला दुसरा आकडा घ्या, कर्ब ०.२२ टक्के. २,२४० टन मातीत ०.२२ टक्के म्हणजे जवळजवळ पाच टन कर्ब. पुळणीत कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण पंधरास एक धरले तर एकूण नत्र आले हेक्टरी ३३० किलोच्या आसपास. आणि प्रयोगशाळा म्हणते त्यातले १२१ किलो ‘उपलब्ध’. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. असे असते तर तीन वर्षांत जमीन रिकामी झाली असती. प्रत्यक्षात उष्ण, ओलसर रेतीत सेंद्रिय नत्रापैकी वर्षाला चार-पाच टक्के मोकळे होते असे धरा. तुमच्या जमिनीत ते होते पंधरा किलोच्या आसपास. झाडाच्या तोंडी लागणारे नत्र हे एवढेच. १२१ हा निर्देशांक आहे, साठा नाही. अहवाल हातात घेताना प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारा : नत्र प्रत्यक्ष मोजले की कर्बावरून काढले? काही ठिकाणी कर्बाच्या आकड्यावरून नत्र लिहून मोकळे होतात. तसे असेल तर तुमच्याकडे दोन नव्हे, एकच मोजणी आहे.

म्हणून पुळणीत मी साठ्याचा आकडा गाठायला कधीच कुणाला सांगत नाही. काळ्या जमिनीत चिकणमाती नत्राला धरून ठेवते, तिथे साठा करता येतो. रेतीला हातच नसतात. ओलावा धरण्याची तिची ताकद आकारमानाच्या जेमतेम दहा टक्के. याचा अर्थ असा की रेती एकदा भिजली की पुढचे दर दहा मिलिमीटर पाणी आतल्या ओलीला दहा सेंटिमीटर खाली ढकलते, आणि त्या ओलीत विरघळलेले नायट्रेटही (मुळे घेतात ते नत्राचे एक रूप) तिच्याबरोबर जाते. वेंगुर्ल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यात दिवसाला शंभर मिलिमीटर ही काही बातमी नव्हे. असा एक दिवस नायट्रेटला मीटरभर खाली नेतो. जुलैत तुमच्या रोपाची मुळे असतील वीतभर, फार तर हातभर. युरियाचे तर आणखी वाईट, कारण त्याच्या कणावर विद्युतभार नसतो म्हणून माती त्याला धरत नाही, तो अमोनियम होण्याआधीच पाण्याबरोबर सुटतो. जूनमध्ये टाकलेला युरिया गणपतीपर्यंत तुमच्या जमिनीत नसतो. मग तो असतो कुठे? विहिरीत.

हे घाबरवायला म्हणत नाही, हिशेब करा. हेक्टरी दीडशे किलो नत्रापैकी निम्मे झिरपले तर ७५ किलो नत्र, म्हणजे साधारण ३३० किलो नायट्रेट. पावसापैकी दीड हजार मिलिमीटर खाली मुरले धरले तर हेक्टरी पंधरा हजार घनमीटर पाणी. लिटरला सरासरी २२ मिलिग्रॅम नायट्रेट झाले. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ४५ आहे. निम्मी मर्यादा एका खतानेच संपली, आणि सुरुवातीच्या पाण्यात तर ते सरासरीपेक्षा जास्तच उतरणार. पुळणीतल्या आपल्या घरगुती विहिरी तीन-चार मीटर खोल. शोषखड्डा आणि गोठा आधीच शेजारी असतात.

पाऊस नसताना टाकला तर? तुमचा सामू ७.९ आहे. मूठभर वाळू बशीत घेऊन वर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे, म्हणजे चुना. अशा वाळूवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन वाऱ्यावर जातो. सकाळी आळ्याजवळ वाकलात की नाकाला कळते. निंबोळीचा लेप आता प्रत्येक गोणीला असतो, त्याने नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो; हे उडणे त्याने थांबत नाही.

एवढे सगळे वजाबाकीचे झाले. आता जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. तुम्ही निवडलेले झाड स्वतःचे नत्र स्वतः आणते.

सुरू भारतात कारवारला १८६८ मध्ये आणला गेला, म्हणजे तो तुमच्या किनाऱ्यावर नवखा नाही. त्याच्या मुळांवर फ्रँकिया नावाचा सूक्ष्मजीव गाठी करतो आणि हवेतले नत्र झाडाला देतो. कडधान्यांच्या मुळांवरचे रायझोबियम वेगळे, हे वेगळे. म्हणून दुकानातले तुरीचे किंवा भुईमुगाचे जिवाणू संवर्धन सुरूच्या रोपाला चोळून काहीही होत नाही. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता मोजणे सोडले. गाठींचे हे काम किती मोठे असू शकते? सेनेगलमध्ये केप व्हर्ट द्वीपकल्पावरच्या वाळूच्या टेकड्यांवर, म्हणजे दाकारच्या परिसरात, सुरूच्या तेरा वर्षांच्या लागवडीत माती, पाचोळा आणि झाडे सगळ्यांतले नत्र मोजून दोमर्ग या फ्रेंच शास्त्रज्ञाने वर्षाला हेक्टरी ५८ किलोची भर काढली होती. ही मोजणी १९६३ मधली, पण आजही तीच दाखवली जाते, कारण वाळूवरचे असे सरळ जमाखर्चाचे काम फार थोडे झाले आहे.

आता तुमच्या झाडांची गरज ताडून बघा. दोन बाय दोन मीटरवर हेक्टरी २,५०० झाडे. पुळणीत, पाणी फारसे न देता, चार वर्षांत खोड-सालीचे कोरडे वजन हेक्टरी चाळीस टन आणि फांद्या-पाल्याचे दहा टन धरू. खोडात नत्र अवघे ०.३ टक्के : १२० किलो. फांद्या-पाल्यात १.३ टक्के : १३० किलो. एकूण अडीचशे, वर्षाला साठ-बासष्ट. दोमर्गच्या ५८ च्या हे इतके जवळ येते हा योगायोगच, माझे वजनाचे आकडे हिशेबापुरते आहेत. पण मुद्दा पोचला असेल. गाठी नीट चालल्या तर चार वर्षांच्या गरजेचा मोठा भाग हवेतून येतो, जमिनीतले पंधरा किलो त्याच्या जोडीला. नत्राची खरी अडचण असते ती पहिल्या सहा-आठ महिन्यांची, गाठी बसेपर्यंतची.

आणि इथे युरियाचा तिसरा तोटा. मुळाशी आयते नत्र मिळाले की झाड गाठींना पोसत नाही. घरात रोज डबा येत असेल तर चूल कोण पेटवणार? मी एकदा पूर्व किनाऱ्यावर, आंध्रातल्या प्रकाशम आणि नेल्लोरकडच्या सुरूपट्ट्यात, दोन लगतची शेते उकरून पाहिली होती. एकात पाण्यासोबत युरिया भरपूर, झाडे हिरवीगार, मुळांवर गाठी शोधाव्या लागत होत्या. दुसऱ्यात शेणखत आणि सुपर फॉस्फेट (स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे खत), झाडे थोडी बुटकी, पण गाठी मुठीएवढ्या. तोडणीला दोन्हींचे वजन जवळपास सारखे भरले असे तिथले शेतकरी सांगत होते. पहिल्याचा खर्च मात्र भलताच होता. हा काही प्रयोग नव्हे, दोन शेते म्हणजे दोन शेते. पण तेव्हापासून मी आधी फावडे मागतो, पत्रिका मागून वाचतो.

गाठी बसवायच्या कशा, हे जरा तपशिलात सांगतो, कारण इथेच सगळे अवलंबून आहे. हा फ्रँकिया सुरूबरोबरच बाहेरून आलेला आहे. जिथे सुरू कधीच नव्हता अशा मातीत तो असेलच असे नाही. तुमची जमीन पडीक होती, तेव्हा आहे असे गृहीत धरू नका. जवळच्या जुन्या, निरोगी सुरूबनात दोन-तीन वर्षांच्या झाडाच्या बुंध्यापासून हात-दीड हातावर वाळू उकरा. पोवळ्यासारखे गुच्छ दिसतील, कडेने बारीक मुळे वर आलेली. ताज्या गाठी टणक असतात, टोके फिकट, पिवळसर पांढरी. काळपट, चुरगळणाऱ्या गाठी मेलेल्या, त्या घेऊ नका. ज्या बनात झाडे शेंड्याकडून वाळताहेत किंवा सालीवर फोड येऊन आत काळी भुकटी दिसते, त्या बनात पायही ठेवू नका. तो बुरशीचा रोग आहे आणि तो तुम्ही डब्यात घालून घरी आणाल. मूठभर ताज्या गाठी धुऊन पाट्यावर वाटा, पाच-सहा लिटर विहिरीच्या पाण्यात कालवा, नळाचे क्लोरीनचे पाणी नको. दीड-दोन महिन्यांच्या पिशवीतल्या शंभर-दीडशे रोपांना मुळाशी थोडे थोडे ओता, संध्याकाळी. रोपवाटिकेतून रोपे विकत घेणार असाल तर दहा पिशव्या फाडून दाखवायला सांगा. गाठी नसलेले रोप चार पैशांनी स्वस्त असले तरी मी घेणार नाही. कोईमतूरच्या वन आनुवंशिकी आणि वृक्षप्रजनन संस्थेने काढलेल्या संकरित सुरूच्या क्लोनची रोपे आता मिळतात, वाढ उत्तम; पण क्लोन चांगला म्हणून गाठी आपोआप येत नाहीत, त्यालाही हेच.

गाठींना स्फुरद लागते, भरपूर. रेताड जमिनीत अनेकदा नत्राची म्हणून ओरड होते आणि अडलेले असते स्फुरद. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांद नावाचा वाळूचा प्रचंड प्रदेश आहे, १८५७ च्या कायद्यानंतर तिथे सागरी पाइनची लागवड पसरली, आज ते युरोपातले सर्वांत मोठे लावलेले जंगल मानतात. तिथे लागवडीच्या वेळी जे खत देतात ते मुख्यतः स्फुरदाचे. तुमच्या चुनखड वाळूत रॉक फॉस्फेट विरघळणार नाही, ते आंबट मातीचे खत आहे. सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. खड्ड्यात दोन किलो चांगले कुजलेले शेणखत आणि पन्नास ग्रॅम सुपर, खाली मिसळून, वर वाळूचा थर देऊन मग रोप. शेणखत कमी असेल तर खड्डे कमी करा; शेणखत अर्धे करू नका. किनाऱ्यावर मासळीचे खत मिळते, ते नत्र आणि स्फुरद दोन्हीला उत्तम, फक्त नीट वाळलेले आणि मीठ धुतलेले हवे, आणि कुत्र्यांचा बंदोबस्त आधी करा. हसू नका, एका रात्रीत चाळीस रोपे उकरलेली पाहिली आहेत.

नत्र द्यायचे ते असे. रोप लावताना युरिया नाही. पावसाचा जोर ओसरला की, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, झाडामागे दहा ग्रॅम युरिया. बुंध्यापासून वीतभर लांब, चार बोटे खोल, वर वाळू. तेवढेच पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वाळू ओली असताना. मिळून झाडामागे नऊ-दहा ग्रॅम नत्र, हेक्टरी तेवीस-चोवीस किलो. तुमच्या पाच एकरांत पाच हजार झाडे, युरिया शंभर-एकशे दहा किलो, म्हणजे सुरुवातीला म्हटलेल्या अडीच गोण्या. कोकणात भातासाठी युरिया-डीएपीच्या (डीएपी म्हणजे नत्र-स्फुरदाचे खत) ज्या खतगोळ्या वापरतात त्या मिळाल्या तर आणखी बरे, एक-दोन गोळ्या खोल पुरल्या की हळूहळू विरघळतात. दुसऱ्या वर्षी गाठी दिसत असतील तर युरिया बंद. दिसत नसतील तर युरिया वाढवायचा नाही, गाठींचे पाणी पुन्हा द्यायचे.

आता पातेऱ्याबद्दल, म्हणजे झाडाखाली पडलेल्या सुक्या पाल्याबद्दल. पुळणीत नत्र राहते ते मातीत नाही, झाडात आणि पातेऱ्यात. तिसऱ्या वर्षापासून सुरूखाली पाल्याची गादी जमते. (आपण ज्याला सुईसारखी पाने म्हणतो त्या खऱ्या तर बारीक हिरव्या काड्या, पाने त्यांच्या सांध्यांवर कुसळाएवढी असतात.) समजा हेक्टरी वर्षाला चार-पाच टन कोरडा पातेरा पडतो आणि त्यात टक्काभर नत्र आहे. म्हणजे चाळीस-पन्नास किलो नत्र. उन्हाळ्यात गावातल्या बायका तो झाडून नेतात, चुलीला, माडाच्या आळ्यात, काही ठिकाणी भाताच्या राबाला. त्यांना दोष देत नाही, फुकटचे सरपण कोण सोडेल? पण जंगलवाल्याने समजून घ्यावे की गाठींनी वर्षभर कमावलेले जवळजवळ सगळे नत्र दोन आठवड्यांत टोपलीतून बाहेर गेले. एका नऊ वर्षांच्या बनात कुंपणाआतला तुकडा आणि बाहेरचा तुकडा शेजारी शेजारी होते, एकाच दिवशी लावलेले. आतल्या तुकड्यात वरची चार बोटे वाळू करडी-काळी झाली होती, हातात घेतली तर किंचित गोळा व्हायची. बाहेर ती नवीकोरी पांढरी. खोडांच्या घेरातला फरक सुतळीने मोजायचीही गरज नव्हती.

आगीची भीती खरी आहे, सुरूचा पातेरा रॉकेलसारखा पेटतो. म्हणून कडेने आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पाच मीटरची जाळरेषा स्वच्छ ठेवा आणि तिथला पातेरा आत ओढा. गावाशी बोलून फक्त जाळरेषेतले सुके वाटून द्या, म्हणजे भांडणही नाही. हा पाला कुजायला मंद आहे, कर्ब जास्त. सुरुवातीला तो उलट मातीतलेच नत्र ओढून घेतो. ओळींमध्ये गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काड्या टोचून ठेवल्या आणि त्यांचा हिरवा पाला वर्षातून दोनदा कापून वर पसरला की कुजण्याला वेग येतो. पहिल्या दोन वर्षांत, सावली पडेपर्यंत, मधल्या पट्ट्यात कुळीथ किंवा चवळी घ्या. शेंगा घरी, वेल जागेवर. ताग काही लोक सुचवतात, पण पुळणीत पाण्याशिवाय तो मला कधी नीट उभा दिसला नाही.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या वायव्येला किनाऱ्यावरच्या वाळूत वुडहिल नावाचे रेडिएटा पाइनचे जंगल आहे. तिथे क्रम असा होता : आधी वाळू धरणारे गवत, मग पिवळ्या फुलांची ल्युपिन नावाची शेंगावर्गीय झुडपे, मग पाइन. ल्युपिन वर्षाला हेक्टरी शंभर किलोच्या वर नत्र मिळवून देते हे दाखवणाऱ्या बाईंचे नाव रूथ गाडगीळ. (आडनाव वाचून आपण सरसावून बसतो, ते असो.) १९७१ मध्ये त्यांनी आणि पी. डी. गाडगीळ यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की पाइनच्या मुळांवरची सहजीवी बुरशी पाचोळ्याचे कुजणे मंदावते, या गोष्टीला आज जगभर ‘गाडगीळ परिणाम’ म्हणतात. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ल्युपिनवर बुरशीचा करपा आला, झुडपे गेली आणि नत्राचा तो फुकटचा नळ बंद पडला. तुमच्याकडे हाच धोका गाठी मरण्याचा आहे, म्हणून सगळा डाव सुरूच्या गाठींवर न ठेवता मध्ये गिरिपुष्प आणि कुळीथ हवेत असे मी म्हणतो.

दुसरा धडा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा, आणि तो तोडणीच्या दिवशी आठवा. त्या राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, माउंट गँबियर भागातल्या रेताड जमिनींवर रेडिएटा पाइनची पहिली लागवड झकास झाली. ती तोडून फांद्या-पाला जाळला आणि पुन्हा तेच झाड लावले. १९६६ मध्ये कीव्ह्‌ज या वनतज्ज्ञाने आकडे मांडले तेव्हा दुसऱ्या पिढीचे उत्पादन पहिल्यापेक्षा पाव हिश्श्याच्या आसपास घटलेले होते. पुढे जाळणे थांबवून, फांद्या-पाला जागेवर पसरून आणि तण आवरून ती घट भरून काढली. जाळले की कर्बाबरोबर नत्र धुराने जाते. राखेत पालाश, चुना उरतो, नत्र जवळजवळ नाहीच. तुमच्या हिशेबात खोडांतले नत्र १२० आणि फांद्या-पाल्यातले १३० होते, आठवा. बल्ल्या विका, फांद्या ठेवा. पूर्व किनाऱ्यावर बुंधा-मुळांसकट सगळे उपटून सरपणाला जाते, आणि मग पुढच्या फेरीला खताची गोणी लागतेच.

तर आकडा. तुम्ही विचारलाच आहे, तो टाळत नाही, पण हा माझ्या अनुभवाचा आहे, कुठल्या तक्त्यातला नाही. पुळणीतल्या सुरूसाठी वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये सेंद्रिय कर्ब ०.३ ते ०.५ टक्के, एकूण नत्र ०.०२ ते ०.०४ टक्के आणि परमँगनेटचे नत्र हेक्टरी १५० ते २५० किलो दिसले तर मी जमीन निरोगी म्हणेन. २८० गाठायच्या मागे लागू नका. तुमचे १२१ आज कमी आहे, भयंकर नाही. चार-पाच वर्षांत पातेरा राखून कर्ब ०.२२ वरून ०.३५ ला आणलात तर नत्राचा आकडा आपणहून त्याच्या मागोमाग वर येईल. हेच नीलगिरी लावणाऱ्याला मी सांगणार नाही; तिच्या मुळांवर गाठी नसतात, तिला रेतीत दरवर्षी हप्त्याहप्त्याने नत्र द्यावेच लागते, आणि तुमच्या जागी मी ती लावणारही नाही. अकेशियाच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी असतात, त्याला हिशेब बराचसा सुरूसारखा.

तपासणी दर दोन वर्षांनी, नेहमी मे महिन्यातच, पातेरा बाजूला सारून, पंधरा-वीस ठिकाणची माती एकत्र करून. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटरचे नमुने वेगळे. नमुना त्याच दिवशी सावलीत पसरून वाळवा. ओली माती पिशवीत आठवडाभर राहिली की आतले नत्र बदलते आणि तुम्ही पिशवीची तपासणी करता. मातीपेक्षा झाड खरे बोलते. ऑक्टोबरात चांगल्या दहा झाडांच्या आणि वाईट दहा झाडांच्या शेंड्याखालच्या हिरव्या काड्या वेगवेगळ्या पाकिटांत भरून नत्र, स्फुरद आणि लोह तपासून घ्या. रेडिएटा पाइनला दीड टक्का नत्र समाधानकारक आणि १.२ च्या खाली टंचाई असे पक्के ठरलेले आहे; सुरूला मी आपल्याच जमिनीतल्या चांगल्या-वाईट झाडांची तुलना जास्त भरवशाची मानतो. लोह का, तर चुनखड वाळूत नवे शेंडे पिवळे पडतात ते बहुधा लोहाने, आणि लोक त्यावरही युरियाच मारतात. नत्राची टंचाई जुन्या, खालच्या फांद्यांवरून सुरू होते.

एक गोष्ट नत्राची नाही, पण सांगून ठेवतो. लाटांसमोरची पहिली टेकडी आणि तिच्यावरची मर्यादवेल तशीच राहू द्या, सुरू तिच्या मागे. तिथे कासवे अंडी घालतात, आणि तो वेल वाळू धरतो तशी सुरूची पहिली रांग धरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची बने कशी आडवी झाली ते आपण पाहिले आहे. एवढ्या वाऱ्यापुढे पोसलेले काय आणि उपाशी काय, पण रोज थोडे पाणी आणि वर युरिया यांवर वाढवलेल्या झाडाची मुळे वरच्या वाळूतच खेळतात, हे साध्या पावसाळी वाऱ्यातही दिसते. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यायचे तर आठवड्यातून एकदा, पण भरपूर द्या.

पंधरा गोण्या आधीच आणून ठेवल्या असतील तर अडीच बाजूला काढा, बाकी परत करा किंवा भातवाल्या शेजाऱ्याला द्या. एखादी उरलीच तर जाळरेषेतून ओढलेल्या पातेऱ्याचा बांधाजवळ कंबरभर ढीग करा, थर-थर शेण-पाण्याने भिजवत दर थराला दोन मुठी युरिया टाका आणि वर झावळ्या झाका. पुढच्या जूनला रोपे मेलेल्या जागी नवी लावताना खड्ड्यात घालायला ते खत तयार असेल. आणि डिसेंबरात दहा रोपांच्या मुळाशी उकरून गाठी मोजा. दहांपैकी सातांना दिसल्या तर मला कळवायची गरज नाही. चारांहून कमी असतील तर युरियाला हात लावण्याआधी विचारा.